शंभराच्या आत

२०१९ च्या जानेवारीअखेरीस केबलवाल्याचा मुलगा वाहिन्यांची छापील यादी घेऊन दारी आला, तेव्हा सांगलीच्या कापडपेठेतील त्या जुन्या दुकानाचे मालक आण्णा यांनी ती घरी न वाचता दुकानात नेली आणि गादीवर बसून, हाती पेन्सिल घेऊन वाचली. १ फेब्रुवारीपासून ट्रायची नवी दरपद्धती लागू होणार होती. तोवर महिन्याकाठी ठरीव रक्कम दिली की केबलवाला पाठवील ते पडद्यावर येत असे. आता प्रत्येक घराने आपल्या वाहिन्या आपणच निवडायच्या होत्या. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढील दर पंचवीस वाहिन्यांमागे आणखी वीस रुपयांपर्यंत आकार. सशुल्क वाहिन्यांची किंमत निराळी.

घेतलेल्या मालाचेच दाम मोजायचे, ही रीत आण्णांना मनापासून पटली. मात्र एकेका कंपनीच्या वाहिन्यांचे एकत्र बांधलेले गठ्ठे पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. चालत्या डिझाइनच्या चार साड्या हव्या असतील तर न खपणाऱ्या आठ गळ्यात घालणारे ठोक व्यापारी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. गठ्ठा स्वस्त पडतो खरा. पण न लागणारा माल स्वस्तात घेणे ही स्वस्ताई कशी, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता.

खरी चढाओढ लागली ती एचडी वाहिन्यांच्या पानावर. मे महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विश्वचषक सुरू होणार, म्हणून नातवाला खेळाच्या वाहिन्या एचडीमध्येच हव्या होत्या. मराठी मालिकांच्या वाहिन्याही २०१६ पासून एचडीमध्ये येऊ लागल्या होत्या, त्या सुनेला हव्या होत्या. नातवाने आजोबांना समजावले की, साध्या चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके असतात आणि एचडीत १९२० बाय १०८०. आण्णांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. बरोबर पाचपट आले. “म्हणजे पोत पाचपट दाट,” ते म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता स्पष्ट झाला.

परंतु नियमाने एक एचडी वाहिनी मोजणीत दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. एचडीची पसंती वाढत गेली तसा शंभराचा आकडा जवळ येऊ लागला, आणि शंभर ओलांडायचे नाहीत असा आण्णांचा निश्चय होता. दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या काढता येत नव्हत्या. मग उरल्या निःशुल्क वाहिन्या. त्यांना किंमत नव्हती, म्हणून त्यांच्यावर काट मारताना कोणाचाही हात थांबला नाही. आकडा नेमका शंभरावर बसला.

नवा बॉक्स आला. पंधरा दिवस घरातील सर्वांनी चित्राच्या स्वच्छतेची मुक्तकंठाने तारीफ केली. मग एके रविवारी शेजारच्यांचा जावई टीव्हीमागे डोकावला आणि हसू लागला: बॉक्स नवा, पण जोडणी जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांची! त्या तारांतून एचडी चित्र येतच नाही. एचडीएमआय केबल लावल्यावर मात्र फरक खरोखरच दिसला. सून पूर्वी कथानक पाहत असे, ती आता काठपदर पाहू लागली. मालिकेतील श्रीमंत सासूच्या पैठणीची जर खोटी आहे, हे आण्णांनी जेवता जेवता ओळखले, आणि त्या दिवसापासून त्या घराण्याच्या श्रीमंतीवर त्यांचा विश्वास राहिला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी आण्णा बरे वाटेना म्हणून लवकर घरी परतले. त्यांची आई बंद टीव्हीसमोर खुर्चीवर बसली होती. जुने मराठी चित्रपट दाखवणारी एक निःशुल्क वाहिनी ती रोज दुपारी दोन तास लावत असे. काट मारलेल्यांत तीही होती. दीड महिन्यात तिने कोणाला विचारलेही नव्हते.

“आई, सांगितलं का नाहीस?”

“तू हिशेब करून बसवलं होतंस. त्यात माझी एक ओळ कुठं वाढवायची?”

आण्णा काही बोलले नाहीत. तिच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू उतरवला होता, दुसऱ्याला फारसे दिसत नव्हते. पाचपट दाट चित्राचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. ज्या वाहिनीने त्या घरातून कधी एक पैसा घेतला नाही, तिने केवळ एक जागा अडवली होती, आणि त्या जागेचा भाव खेळाच्या अर्ध्या वाहिनीएवढा ठरला होता.

त्यांनी केबलवाल्याला फोन लावला. शंभराची मर्यादा ओलांडली गेली. जीएसटी धरून महिन्याला २३ रुपये ६० पैसे वाढले. (पुढच्याच वर्षी ट्रायने त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्यांची मुभा दिली. हा खर्च वर्षभर थांबला असता तर वाचला असता, असे थोरल्या मुलाने एकदा म्हणून पाहिले. आण्णांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.)

दुसऱ्या दिवशी दुपारी वाहिनी पुन्हा लागली. रुंद पडद्याच्या मधोमध कृष्णधवल चौकट आली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. नातवाने रिमोट घेऊन चित्र ताणले, तशी नायिका एकाएकी आडवी पसरली; तो हसला आणि त्याने चित्र पूर्ववत केले. पणजीला त्यातले काहीच कळले नव्हते.

“आवाज तेवढा वाढव रे,” ती म्हणाली.