तीन पिनांची तीर्थयात्रा

दिवाळीच्या तोंडावर माणसे प्रवासाचे बेत आखतात. कोणी कोकणात जातो, कोणी महाबळेश्वरला. निदान जाऊन आल्याचे सांगतो तरी. मी गेल्या वर्षी शिरूर आणि दौंड ही दोन क्षेत्रे केली, आणि तीही विजेच्या प्लगांसाठी. यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखे काय आहे, असे सौभाग्यवतींनी विचारलेच. वाचकांनीही विचारावे, पण शेवटी विचारावे.

शिरूरला आमचे जुने घर आहे. गाव घोड नदीच्या काठी, म्हणून जुनी माणसे त्याला अजून घोडनदीच म्हणतात. आई तिथे एकटी राहते. पुण्याचे पाणी तिला मानवत नाही. आश्विनात एके सकाळी तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "अरे, हल्ली बादलीला हात लावला की मुंग्या येतात."

ती हे साखरेच्या डब्याविषयी बोलावे तशा सुरात बोलली. मलाही क्षणभर तशाच मुंग्या वाटल्या. मग ती बादली पाणी तापवण्याची, आणि तिच्यात विजेचा रॉड असतो, हे ध्यानात आले आणि मला घाम फुटला. "रॉडला हात लावू नकोस. चुलीवर पाणी तापव," एवढे सांगून मी फोन ठेवला.

सगळे फिटिंग बदलायचे ठरले. खर्चाचा आकडा प्राध्यापकाच्या पगाराला पेलेल असा हवा होता. पुण्यातल्या एका गल्लीत तासभर घासाघीस करून मी रु. 35 ला एक या भावाने डझनभर तीन पिनांचे प्लग मिळवले. एखाद्या व्यापाऱ्यावर मराठीच्या प्राध्यापकाने मात केल्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी! त्या आनंदात एस.टी.त बसलो. वाघोली, शिक्रापूर मागे पडले. रांजणगावच्या महागणपतीला खिडकीतूनच हात जोडले.

शिरूरच्या तरुण वायरमनने एक प्लग हातात घेऊन तोलला, मागचे झाकण उघडले आणि माझ्यापुढे धरला.

"सर, हे तिसरं भोक नुसतं दाखवायला हाय."

खरेच होते. दोन छिद्रांच्या मागे पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या. वरच्या मोठ्या छिद्रामागे काहीच नव्हते. देवळाला दार होते, गाभारा रिकामा होता.

मग शिरूरच्या बाजारपेठेत हिंडलो. दुकानदारांनी काचेसारख्या चकचकीत मॉड्युलर पट्ट्या मांडल्या. माल उत्तम होता. पण घरभराची बेरीज ऐकून मी पाणी मागितले. शेवटी आई म्हणाली, "दौंडला जा. दाजींना विचार."

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, रेल्वेच्या वीजखात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी न्हावरे, चौफुला असे उसाच्या फडांमधून दौंड गाठले. दौंड हे भीमेकाठचे गाव खरे, पण ते ओळखले जाते रेल्वेने. 1878 साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडत. तेवढ्यात उतारूंचा चहा होई. आता कॉर्ड लाईनमुळे पुष्कळ गाड्या परभारे जातात.

दाजींनी माझी कथा चहा घेत ऐकली. मध्येच विचारले, "बादली प्लास्टिकची की लोखंडी?"

"लोखंडी."

त्यांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

मग ते म्हणाले, "प्रोफेसर, 1500 वॅटला 230 नं भागा. साडेसहा अँपिअर येतात. प्लग सहाचा. तो तापणारच, तिथं सोळाचा हवा. पण मुंग्या आल्या त्या अर्थिंग नाही म्हणून." त्यांनी एक टॉप माझ्या हातात दिला. "ही तिसरी पिन लांब का? ती सगळ्यांच्या आधी जोडली जाते आणि सगळ्यांच्या नंतर सुटते. घरातली बाई जशी सगळ्यांच्या आधी उठते आणि शेवटी निजते, तशी."

ही गोल पिनांची तऱ्हा मूळची इंग्रजांची. त्यांनी 1947 साली आपल्याकरता चपट्या पिनांचे नवे मानक काढले. जुनी तऱ्हा आपल्याकडे राहिली.

दौंडच्या बाजारात दाजींनी मॉड्युलरकडे पाहिलेही नाही. जुन्या घाटाचे, साधे, पांढरे प्लग मागितले. प्रत्येकावर आयएसआयची खूण आणि तिच्यासोबतचा परवाना क्रमांक पाहिला. भाचीने तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासला. टॉप घालून ओढून पाहिला. पकड घट्ट हवी, सैल प्लग ठिणग्या टाकतो. मॉड्युलरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले. उरलेल्या पैशांतून आरसीसीबी घेतला. 30 मिलिअँपिअर एवढी गळती झाली तरी तो वीज तोडतो. "पैसे दिसण्यात वाचवायचे, पितळेत नाही," दाजी म्हणाले.

वसुबारसेच्या आधी काम उरकले. परसात अर्थिंगचा खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, तिथून हिरवी तार प्रत्येक प्लगाच्या तिसऱ्या पिनेपर्यंत नेली. जुना रॉड भंगारात गेला. खड्ड्यात ओल राहायला हवी, असे वायरमनने सांगितले. तेव्हापासून आई सकाळी एक तांब्या तुळशीला घालते आणि एक त्या खड्ड्याला.

शेजारच्यांसारख्या चकचकीत पट्ट्या नाहीत, ही तिची कुरकूर मात्र आहे. पाडव्याला मी विचारले, "आता मुंग्या येतात का?"

"येतात ना," ती म्हणाली. "पण अनारशांच्या डब्याला."