मूनब्रूकची वाट

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि पुढच्या फेब्रुवारीत युरोपात. भारतातले आम्ही बरेचजण युरोपातल्या सर्व्हरवर खेळायचो. माणूस जातीचं पात्र घेतलं की पहिलं डंजन (गटाने लढायची बंदिस्त जागा) ठरलेलं असायचं, ते म्हणजे डेडमाइन्स.

त्यासाठी पाच जण लागत. मार अंगावर घेणारा टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि तिघे मारणारे. चॅटमध्ये हाका मारून ते जमवायचे. हीलर तर मिळता मिळत नसे. सगळे जमले की निघायचं, तेही पायी, कारण तेव्हा घोडा चाळिसाव्या लेव्हलला मिळे आणि आम्ही विशीच्या आसपास घुटमळत असू. स्टॉर्मविंडची तटबंदी मागे पडे, मग एल्विनचं हिरवंगार रान, गोल्डशायरची खानावळ. नदीवरचा पूल ओलांडला की वेस्टफॉल लागायचं आणि सगळा रंगच पालटायचा. करपलेलं गवत, ओस शेतं, मोडकी घरं, शेतातून मोकाट फिरणारी कापणीची यंत्रं. वाटेवर तोंडाला लाल फडकी बांधलेले डेफियाज टोळीचे लुटारू.

सेंटिनेल हिलवर दिलेल्या कामगिऱ्या करता करता हळूहळू कळायचं, की ही टोळी मुळात गवंड्यांची. युद्धात बेचिराख झालेलं स्टॉर्मविंड त्यांनीच पुन्हा उभारलं आणि मजुरीच्या वेळी दरबाराने हात वर केले. त्यांचा म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ. मूनब्रूक गावाखालच्या खाणीत, लपवलेल्या जहाजावर तो समोर येई, तेव्हा ज्या शहराच्या वेशीतून आपण निघालो ते त्याच्याच माणसांनी बांधलंय हे आपल्याला ठाऊक असे. तलवार उपसताना मनात कालवाकालव होई. ती त्या वाटेची करामत होती.

सोबतीचंही तसंच. सगळे एकाच सर्व्हरचे, त्यामुळे नावं पुन्हा पुन्हा भेटत. चांगल्या हीलरला लगेच फ्रेंड लिस्टमध्ये घेत. दुसऱ्याच्या हक्काची लूट लाटणाऱ्याचं नाव सर्व्हरभर होई, मग त्याला ग्रुप मिळणं मुश्कील.

डिसेंबर २००९ मध्ये ३.३ हा पॅच आला, त्यात डंजन फाइंडर. टँक, हीलर की मारणारा ते निवडा, रांग लावा, जिथे असाल तिथून थेट डंजनच्या आत. सोबतचे चौघे वेगवेगळ्या सर्व्हरचे, काम संपलं की पुन्हा कधी दिसणार नाहीत. नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली, हे खरंच आहे. तिची किंमत मात्र जगाने मोजली. लोक शहरात उभे राहून नंबर लागायची वाट बघू लागले आणि वेस्टफॉलचा रस्ता ओस पडला. व्हॅनक्लीफ कोण, कशासाठी चिडलाय, हे कळायच्या आत तो मरून पडू लागला.

अशी नंबराची वाट बघायची जागा, म्हणजे लॉबी, सगळीकडेच वाईट असं मी म्हणणार नाही. पबजीला ती शोभते. शंभर जण एका बेटावर जमतात, विमानात बसतात, सामना संपला की ते जगही संपतं. पण जे जग आपण नसतानाही चालू असतं, त्याचा दरवाजा मेन्यूतल्या बटणात नसावा, असं मला ठामपणे वाटतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये या गेमचा जुना अवतार 'क्लासिक' नावाने पुन्हा आला तो डंजन फाइंडर वगळूनच. पहिल्या दिवसांत तर कामगिरीतला एखादा शत्रू मारायला खेळाडू आपणहून शिस्तीत रांग लावून उभे राहिलेले दिसले. त्या वाटा चालायला माणसं तयार होती, हे तेव्हा सिद्ध झालं.

तुम्ही कधी क्लासिक सुरू केलात, तर डेडमाइन्सला पहिल्यांदा जाताना चार अनोळखी माणसं गोळा करा आणि स्टॉर्मविंडहून चालत जा.