पागोळीचे पाणी परसातच

छपरावर आणि अंगणात पडणारे पावसाचे पाणी रस्त्यावर वाहून जाऊ न देता घराच्याच आवारातील उथळ, झाडे लावलेल्या खळग्यात अडवून जमिनीत मुरवण्याच्या रचनेस पर्जन्यबाग म्हणतात. ही कल्पना १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात घरांच्या वसाहतींसाठी पुढे आली; मात्र मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, ती परसात उतरवताना प्रस्तुत लेखकास तिची रचना इथल्या मातीच्या स्वभावाप्रमाणे बदलावी लागली.

आकार ठरवण्याचा हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २,५०० लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते. ते सामावण्यासाठी १८ चौरस मीटरचा आणि १५ सेंटिमीटर खोलीचा, सपाट तळाचा खळगा पुरतो. भिंतींना ओल लागू नये म्हणून तो पायापासून किमान तीन मीटर दूर, उताराच्या बाजूस आखण्यात आला.

हिशोब बरोबर असूनही पहिल्या पावसाळ्यात पाणी चार दिवस तुंबून राहिले, कारण काळी चिकणमाती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली झिरपण्याचा वेग फारच मंदावतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे आठवडा लागत असल्याने पर्जन्यबागेतील पाणी ४८ तासांच्या आत जिरणे आवश्यक असते. खणण्यापूर्वी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात उतरते, हे पाहण्याची साधी चाचणी झाली असती, तर हा दोष आधीच ध्यानात आला असता. पुढच्या उन्हाळ्यात काळ्या मातीचा थर काढून मुरमापर्यंत खोदकाम केले. वाळू, शेणखत आणि थोडी मूळची माती यांच्या मिश्रणाने तो भाग १५ सेंटिमीटर रिता ठेवून भरला, आणि मोठ्या पावसाचे जादा पाणी बाहेर पडावे म्हणून एका कडेला दगडांचा सांडवा केला. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी दुसऱ्या दिवशीच जिरू लागले.

तळाशी वाळा आणि कर्दळ, तर कोरड्या काठावर अडुळसा लावला. वाळ्याची मुळे खोल जातात व मातीत पाण्याला वाट करून देतात. मोरीच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा वेगळाच असावा, कारण पर्जन्यबाग ही केवळ पावसाच्या पाण्यासाठी असते.

एका परसातील खळग्याने गावाच्या विहिरी भरत नाहीत, हे खरे. परंतु ज्या घराचे पाणी आवारातच मुरते, त्या घरापुरता रस्त्यावरचा लोंढा निश्चित घटतो. म्हणून प्रत्येक घरधन्याने मृग लागण्याआधी आपल्या मातीची चाचणी घ्यावी आणि मगच कुदळ हाती धरावी.