हरण्याचा प्लॅन

मराठी सेक्शनसाठी लेख दे, असं आमच्या एडिटरबाईंनी सांगितलं तेव्हा मी सरळ हात जोडले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठीत कायम पास होण्यापुरते मार्क्स! पण ती म्हणाली, "कँटीनमध्ये जे तावातावाने बोलतेस ना, तेच लिही." आणि त्या आठवड्यात कँटीनमध्ये मी भांडत होते ते चक्क बेसबॉलवरून. तेव्हा मित्रहो, शुद्धलेखन पोटात घाला आणि ऐका.

मे 2013. मी आठ वर्षांची. माझे काका ह्यूस्टनला असतात, त्यांच्याकडे आम्ही सुट्टीत गेलो होतो. काकांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, तेव्हा दहाचा. तो ॲस्ट्रोस टीमसाठी अक्षरशः वेडा! आल्टुवेचा 27 नंबरचा शर्ट घालूनच झोपायचा. आम्ही सगळे मॅचला गेलो. स्टेडियमचं नाव तेव्हा मिनिट मेड पार्क होतं. भिंतीवर मोठ्ठाली संत्री भरलेली आगगाडी, मागे-पुढे सरकणारं छप्पर, आणि खुर्च्या... रिकाम्या. रांगाच्या रांगा रिकाम्या. काकूने आणलेला चिवडा आम्ही पाय पसरून खाल्ला. समोर कोण होतं ते आठवत नाही. ॲस्ट्रोस हरले एवढं आठवतं, कारण दादा गाडीत एक शब्द बोलला नाही. काका म्हणाले, "अरे, प्लॅन आहे त्यांचा. आत्ता हरतील, मग जिंकतील."

काका खरंच बोलत होते. ॲस्ट्रोस 2011 मध्ये 106 मॅच हरले, 2012 मध्ये 107, 2013 मध्ये 111. सीझन असतो 162 मॅचचा! 2013 च्या शेवटच्या तर सलग 15 हरले. सप्टेंबरमध्ये एका मॅचचं ह्यूस्टनमधलं टीव्ही रेटिंग आलं 0.0. म्हणजे मोजता येण्याइतकंसुद्धा कुणी बघत नव्हतं.

आता यात प्लॅन कसला? तर तिकडे नवीन पोरं टीममध्ये येतात ती ड्राफ्टमधून, आणि तेव्हाचा नियम असा की गेल्या वर्षी जो सर्वात खाली, त्याला पहिला चॉइस. वर इंग्लंडच्या फुटबॉलसारखं तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. (आपल्या आयपीएलमध्येही ढकलत नाहीत, पण ऑक्शनमध्ये शेवटच्याला जास्त पैसेही मिळत नाहीत.) मग कुठल्याही हिशोबी माणसाला कळेल की मधेच लटकण्यापेक्षा तळाला गेलेलं बरं. ॲस्ट्रोसचा जनरल मॅनेजर जेफ लुनो हिशोबीच होता. इंजिनिअरिंग आणि इकॉनॉमिक्स शिकलेला, मॅकिन्झीत कन्सल्टंट राहिलेला. म्हणजे आपल्यातलाच! त्याने महागडे खेळाडू विकले, पगारावरचा खर्च अगदी खाली आणला, आणि वाट बघितली.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मैदानावर मुद्दाम कुणी हरत नव्हतं. आल्टुवे, साडेपाच फुटांचा, व्हेनेझुएलाहून अवघ्या 15,000 डॉलर्सवर आलेला, ती तिन्ही वर्षं जीव तोडून धावत होता. हरण्याचा निर्णय वर केबिनमध्ये झाला होता. खालच्यांनी फक्त हरायचं होतं.

आणि मग 2017. ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडालं, काकांच्या गल्लीत पाणी. नोव्हेंबरमध्ये ॲस्ट्रोस वर्ल्ड सिरीज जिंकले, पहिल्यांदाच! आपल्याकडे सकाळ होती, मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, आणि फोनवर दादा नुसता ओरडत होता. कँटीनमधला माझा मित्र इथेच टेबलावर हात आपटतो, "बघ, हरूनच जिंकले ना!"

अरे पण थांब. आल्टुवे आधीपासूनच होता. कोरेया मिळाला तो तळाला गेल्यामुळे, कबूल. पण 2013 चा पहिला चॉइस, मार्क ॲपल, ॲस्ट्रोसकडून मोठ्या लीगमध्ये एक बॉलही टाकू शकला नाही. जे.डी. मार्टिनेझला त्यांनी 2014 मध्ये फुकट सोडून दिलं, आणि तो दुसरीकडे जाऊन स्टार झाला. शेवटचा धक्का द्यायला 34 वर्षांचा व्हर्लँडर लागला, म्हणजे पैसेही लागले. नुसतं हरून सगळं झालं असतं तर पिट्सबर्गचे पायरेट्स 1993 पासून 2012 पर्यंत सलग वीस सीझन जिंकण्यापेक्षा जास्त मॅच हरत होते, त्यांच्याकडे कपाटभर ट्रॉफ्या असायला हव्या होत्या.

पुढचं तर माहीतच असेल. 2017 मध्ये ते कॅमेऱ्याने समोरच्या टीमच्या खुणा चोरत होते आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅट्समनला कळवत होते, हे 2019 मध्ये बाहेर आलं. 2020 मध्ये 50 लाख डॉलर्स दंड झाला, लुनोची नोकरी गेली, आणि दोन वर्षांचे पहिल्या दोन राउंडचे ड्राफ्ट चॉइस काढून घेतले. ज्यासाठी हरले, तेच गेलं! ट्रॉफी मात्र राहिली. दादाने तो शर्ट टाकला नाही, पण परत घातलाही नाही.

आता लीगने पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी आणलीय. पहिली 2022 च्या डिसेंबरमध्ये निघाली. तळाच्या तीन टीम्सना सारखाच चान्स, 16.5 टक्के. चांगलंच आहे. 2024 मध्ये शिकागोचे व्हाइट सॉक्स तब्बल 121 मॅच हरले, आणि नियमांमुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर लागला दहावा. तरी तिकिटं काढून त्या 121 हारी बघणाऱ्यांना काय मिळालं, ते लॉटरीत कुठेच नाही.

माझं भांडण तिथेच आहे. म्हातारी टीम मोडा, नवी पोरं खेळवा, हरा, माझी ना नाही. पण हरायचं कुणी ठरवलं आणि भोगलं कुणी? आठ ते दहा या वयात आवडत्या टीमला हरताना बघायचं, हे दादाला कुणी विचारलं होतं का?

इथे माझा मित्र शांतपणे म्हणाला, "तू पण ड्रॉप घेतलायस ना?"

बोलतीच बंद! हो, घेतलाय. 2023 मध्ये बारावीनंतर ॲडमिशन मिळत होती, ती सोडून मी एक वर्ष मुद्दाम मागे राहिले. मी नेहमी सांगते की तो माझा डिसिजन होता, माझं वर्ष होतं, मीच भोगलं. पण क्लासची फी भरली त्या जूनमध्ये धाकट्या भावाचं क्रिकेट कोचिंग बंद झालं होतं. "एकच वर्ष रे," असं बाबा त्याला म्हणाले होते. मी बाजूलाच बसले होते, मॉड्यूल्सना कव्हर घालत.

या दिवाळीत घरी गेले तेव्हा त्याला विचारलं, "तुला राग आला होता का रे?" तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "जाऊ दे गं ताई. रँक किती सुधारली होती तुझी?"

मी आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला, आणि परत मॅच बघायला लागला.