सोफ्याभोवती पुस्तकं

मुलांनो, आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पांची पुस्तकं ठेवायची कुठे? रद्दीत द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं! मग सुतारकाकांनी सोफ्याच्या दोन्ही बाजूंना उभे खण आणि वरून सहा फुटी फळी सुचवली. "पण बाई, फळीला मधे दोन आधार हवेत हं!"

का बरं? आधारांमधलं अंतर दुप्पट केलं नि फळी तशीच पुस्तकांनी भरली, तर ती दुप्पट नाही, सोळापट वाकते! लाकडी पट्टी दोन डब्यांवर आडवी ठेवा, मधे बोटाने हलकेच दाबा. डबे लांब सरकवून पुन्हा दाबा. कळेल!

जड ग्रंथ आम्ही खालच्या खणांत ठेवले. आप्पांचे गुडघे दुखतात ना! आता ते सोफ्यावर बसूनच हात लांबवतात. रद्दीवाला मात्र रिकाम्या हाती परतला.