घडी कुणाची?

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी शाळा सुटली, तर भाचा फाटकाशी उभा. मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामू, जरा हे वाचा. इंग्रजी आहे, पण धमकी आहे एवढं कळलं."

तो हरसूलमध्ये घड्याळजीचं काम करतो. सेल बदलून आणि पट्टे लावून घर चालत नाही, म्हणून दोन वर्षांपासून जुनी चावीची घड्याळं गोळा करतो, दुरुस्त करतो आणि ऑनलाइन विकतो. गिऱ्हाईक बाहेरच्या राज्यांतलंही, त्यामुळे नाव हिंदीत ठेवलं : 'हरसूल व्हिंटेज घड़ी'. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याच्या नोंदणीकृत नावातही शेवटी हेच दोन शब्द आहेत. त्याच्या वकिलाची ती नोटीस होती. सात दिवसांत नाव काढा, विकलेल्या मालाचा हिशोब द्या, नाहीतर कोर्ट.

भाचा नाव काढायला तयारच होता. "मोठ्या माणसांशी कोण भांडणार, मामू?" पण त्याच नावानं त्याला गिऱ्हाईक ओळखू लागलं होतं. नाव गेलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मी कायद्याचा माणूस नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे मला आधी राग आला तो शब्दासाठी. मराठीत घडी म्हणजे कपड्याची घडी, आणि क्षणभर या अर्थानं 'घडीभर'. हिंदी-उर्दूत घड़ी म्हणजे घड्याळ. घड्याळ विकणाऱ्यानं घड्याळाला घड़ी म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

मग कायदा वाचायला बसलो. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा तसा आपल्या व्यवहाराला धरूनच आहे. वस्तूचा प्रकार किंवा गुण सांगणारा, धंद्यात सर्रास वापरला जाणारा शब्द कलम ९ नुसार सहसा कुणाच्या एकट्याच्या नावावर होत नाही. दीर्घ वापरानं तो शब्द त्याच माणसाची ओळख बनला असेल, तर गोष्ट वेगळी. कलम १७ सांगतं, की पूर्ण नाव नोंदवलं म्हणून त्यातल्या सामान्य शब्दावर वेगळा हक्क मिळत नाही. आणि मालाचं वर्णन करण्यासाठी शब्द वापरला तर ते कलम ३० नुसार उल्लंघन ठरत नाही.

भाच्याला समजावताना कपड्यांच्या पावडरीचं उदाहरण दिलं. कानपूरची 'घडी' आपण सगळ्यांनी वापरली आहे. पावडरीचा घड्याळाशी काही संबंध नाही, म्हणून तिथे ते नाव पक्कं. तोच शब्द घड्याळाच्या दुकानात आला की सगळ्यांचा.

आपल्या मुंबईतच असा एक निकाल झालेला आहे. शादी डॉट कॉम चालवणारी कंपनी 'सेकंड शादी' नावाच्या संकेतस्थळाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. लग्न जुळवण्याच्या धंद्यात 'शादी' हा वर्णन करणाराच शब्द, असा त्याचा आशय. मला तो निकाल फार जवळचा वाटतो. फारसीत शादी म्हणजे आनंद. तो शब्द उर्दूत येऊन लग्न झाला, आणि आपल्या गावोगावच्या शादीखान्यांच्या पाट्यांवर मराठीत जाऊन बसला. इतक्या लोकांनी वापरून घडवलेला शब्द एका कंपनीचा कसा होईल? पण त्याच न्यायालयानं २०१४ मध्ये 'शादी ही शादी' या संकेतस्थळाला मात्र थांबवलं होतं. शादी डॉट कॉमकडे जाणारं गिऱ्हाईक ते आपल्याकडे वळवत होतं, असं तिथे प्रथमदर्शनी दिसलं. शब्द वापरणं वेगळं, आणि गिऱ्हाइकाला फसवणं वेगळं.

हे वाक्य मी भाच्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि तिथेच अडकलो.

त्याच्या काचेखाली एचएमटीची तीन 'जनता' घड्याळं होती. माझ्या अब्बांच्या मनगटावरही जनता होती. ते रोज फजरनंतर तिला चावी द्यायचे. जनता, जवान, कोहिनूर, तारीख : एचएमटीनं किती साधे, सगळ्यांचे शब्द डायलवर छापले! पण ही तीन घड्याळं अब्बांच्या घड्याळापेक्षा जास्त चकचकीत होती. विचारल्यावर भाचा म्हणाला, "डायल रंगवून आणलेत. नाव कंपनीचंच आहे ना, आपण कुठे बदललं?"

जुनी घड्याळं जमवणारे अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मशीन जुनं, डायल नवा, आणि वर कंपनीचं नाव कंपनीनं न छापलेलं. भाच्यानं जाहिरातीत त्यांना 'ओरिजिनल' म्हटलं होतं.

मी म्हणालो, "व्हिंटेज आणि घड़ी या शब्दांसाठी मी तुझ्याबरोबर कोर्टात येईन. 'ओरिजिनल' या शब्दासाठी येणार नाही." बाजारातल्या धान्याच्या ढिगात नबींनी हात घातला आणि आत ओल लागली, ती हदीस त्याला लहानपणापासून पाठ आहे. ओला भाग वर का नाही ठेवलास, लोकांना दिसला असता, असं त्यांनी विचारलं होतं. तो काही बोलला नाही. फोन काढला आणि तिन्ही जाहिराती खाली घेतल्या.

नोटिशीचं उत्तर मी मराठीत लिहिलं. नाशिकच्या ओळखीच्या वकिलांनी ते इंग्रजीत नीट केलं आणि बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद मागायची सोय कलम १४२ मध्ये आहे, याची आठवण शेवटी जोडली. सात दिवस कधीच उलटले. समोरून अजून काही आलेलं नाही.

दुकानाचं नाव तेच आहे. तीन जनतांपैकी दोन कमी किमतीला गेल्या. तिसरी काचेखाली आहे, 'डायल नव्यानं रंगवलेला' अशी चिठ्ठी लावून.