बोटांची बाराखडी

आमच्या वर्ध्याने एके काळी देवनागरीलाच जरा वाकायला सांगितले होते, हे आज किती जणांना ठाऊक असेल? राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे 1936 साली निघाली. तिची जुनी पुस्तके उघडून पाहा. इ, ई, उ यांच्या जागी 'अि', 'अी', 'अु' दिसतील. काकासाहेब कालेलकर या स्वरखडीचे मोठे पुरस्कर्ते. सावरकरांचेही मत तेच. या दोघांचे एकमत व्हावे असे विषय थोडेच, त्यांतला हा एक! छापखान्यातले खिळे कमी व्हावेत, टाइपरायटरवर अक्षरे मावावीत, हा हेतू. यंत्राच्या एका कळीवर चिन्हे दोनच. आणि आपली जोडाक्षरे म्हणजे लग्नाचे वऱ्हाड, मोजून संपत नाही.

मी कचेरीत तीस वर्षे मराठी टाइपरायटर बडवला. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. 'ख' हवा तर आधी अर्धा ख, मग त्याला काना. तोंड एक म्हणे, बोटे दुसरेच करीत. पण त्याच बोटांनी घर चालवले, दोन मुलींची लग्ने केली.

आता नात कारकुनाच्या परीक्षेला बसते आहे. घराला या नोकरीची गरज आहे. मी म्हटले, "माझे यंत्र आहे की! क्लासची फी कशाला?"

"आबा, टायपिंगची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते. मी इनस्क्रिप्ट शिकणार."

तिने आणलेला कीबोर्ड अगदी साधा, वर इंग्रजी अक्षरे. मौज अशी की त्या बापड्याला ना इंग्रजी येते, ना मराठी. कोणती कळ दाबली एवढेच तो संगणकाला कळवतो. अक्षर ठरवतो संगणक. माझ्या यंत्रात अक्षर धातूवर कोरलेले, ते बदलायचे म्हणजे कारागीर गाठावा लागे.

इनस्क्रिप्ट ही सरकारने 1980 च्या दशकात ठरवलेली मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ख. आधी क, मग वेलांटी, म्हणजे जसे बोलावे तसे लिहावे. शिवाय गुजराती आणि बंगालीतही क त्याच कळीवर! नव्याने शिकणाऱ्याने हीच शिकावी, असे माझे स्वच्छ मत आहे.

पण शहात्तराव्या वर्षी मी काय करावे? नातीने संगणकात कुठेसे 'रेमिंग्टन' निवडून दिले, आणि माझी बोटे जुन्या वाटेने धावू लागली. सकाळी तो कीबोर्ड तिचा, दुपारी माझा. हा लेखही त्यावरच केला. वरचे 'अि' पाहून ती म्हणाली, "आबा, इ चुकली." मी समितीचे जुने पुस्तक तिच्यापुढे ठेवले. ते ती अजून वाचते आहे.